कडता

मी मापाडी. सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीची पोती तोलतो.
वीस वर्षांत किलोच्या आतला आकडा
मी कधी मोठ्यानं उच्चारला नव्हता.
मग मिरजेच्या दवाखान्यात सिस्टरनी सांगितलं,
अकराशे चाळीस ग्रॅम.
मी म्हणालो, पुन्हा सांगा.
त्यांनी ग्रॅमच पुन्हा सांगितले.

दिवाळीत यायचा तो श्रावणात आला.
त्या आठवड्यात सगळ्या गावाचं लक्ष आयर्विन पुलाकडं,
पाणी किती फुटांवर गेलं.
मी काचेच्या पेटीपाशी उभा,
दहा ग्रॅम चढले की वीस.

एकदा शर्टाची बटणं काढायला लावून
त्याला माझ्या छातीवर ठेवलं.
तीनदा साबण लावून गेलो होतो,
तरी सिस्टर हसल्या, पिवळेच आलात की.
काविळीच्या निळ्या दिव्याखालून उचललेलं पोर
आणि पिवळा बाप.
तो माझ्या बरगडीवर मुठीएवढा झोपला
आणि मी श्वास बेतानं घ्यायला शिकलो.

पुढं नदाफ मॅडमनी वहीत दोन रकाने आखले.
एकात जन्मापासूनचं वय, दुसऱ्यात धरायचं वय.
अकरा आठवडे वजा करा, म्हणाल्या,
दोन वर्षांचा होईतोवर, दर वेळी.
त्रिशलाला समजायला वेळ लागला. मला लगेच कळलं.
कडता.

यार्डात हा शब्द म्हणजे शिवी.
ओलीचा, मातीचा, बारदानाचा म्हणून
दुसऱ्याच्या मालातून कापलेला किलो.
त्यावरून एकदा कोयता निघालेला पाहिलाय मी.
आणि आता मीच बोटांवर कापत बसायचो:
शेजारची आरू पालथी पडली, वजा अकरा.
साडूचा पोरगा बसायला लागला, वजा अकरा.
बस्तीत बायका विचारायच्या, अजून चालत नाही होय?
त्रिशला म्हणायची, आधी वय विचारा,
आणि पुढं निघून जायची.

छातीखाली टॉवेलची गुंडाळी.
पालथा ठेवा, रडला तरी ठेवा.
उभा धरला की चवड्यांवर,
फरशी तापल्यासारखा; टाच काही टेकायचीच नाही.
पोटऱ्या हळूच ताणायच्या, वीस मोजेपर्यंत.
त्रिशला चौदावर अडखळायची
आणि पुन्हा एकपासून सुरू करायची,
त्यामुळं त्याला रोज जास्तच मिळायचं.
मामानं आणलेला वॉकर मॅडमनी माळ्यावर टाकायला लावला.
मामा अजून नीट बोलत नाही.

यंदा माघात नवी हळद आली.
त्रिशला डबा घेऊन आली, तोही कडेवर.
सौदे उरकलेले, हमाल चहाला गेलेले.
तिनं त्याला थप्पीला धरून उभा केला.
सन्मती पोतं धरून सरकला. मग दुसरं पोतं.
मग तिसरं.
मग थप्पी संपली
आणि ते त्याच्या लक्षात आलं नाही.

चार पावलं. हात वर,
कुणी बंदूक रोखल्यासारखे.
पाचव्याला बदकन खाली, धुरळ्यात.
त्रिशला धावली. मी आधी फरशीकडं पाहिलं.
पिवळ्या थरात उमटलं होतं:
पहिल्या दोनांत नुसती बोटं आणि चवडा.
तिसरं फरपटलेलं.
चौथ्यात, डाव्या पायाच्या,
टाच. अर्धी.

इस्माईल झाडू घेऊन आला.
मी म्हटलं, थांब, आधी चहा पी.
तो म्हणाला, पिऊनच आलोय की.
मी म्हटलं, अजून एक पी.

मग सवयीनं त्याला काट्यावर ठेवला.
आठ किलो सहाशे. सातशे. परत सहाशे.
आकडा ठरेना, कारण त्याला उभं राहायचं नव्हतं.
मी पावतीबुक उघडून वाट बघत होतो.
वर मान केली तेव्हा काट्यावर शून्य होतं,
आणि तो दारापाशी, पिवळ्या बुडानं,
पुन्हा उठायच्या खटपटीत.